वहिनीसाठी दिलेली दाढ

ही गोष्ट मी घोडेगावच्या बाजारात सांगितलेली नाही. त्यात काय एवढं, म्हणाल — पण त्या बाजारात मी सांगायचं ठेवलंय काय? एका खोंडाने शिंगावर एसटी उचलली, हे सांगितलं. माझ्या एका हाकेने शिंगणापूरपर्यंतची कुत्री उठली, हेही सांगितलं. ही एवढीच राहिली. पन्नास वर्षं राहिली.

मी जनावरांचा दलाल. बैलाचं तोंड उघडायचं, दात बघायचे, वय सांगायचं — दोन दाती, चार दाती, जुळलेला. नगर जिल्ह्यात असं तोंड नव्हतं ज्यात माझा हात गेला नाही. एक सोडून. माझं स्वतःचं. आणि नेमकी त्यातच खालची दाढ किडलेली.

एकाहत्तरचा हिवाळा होता. थोरला भाऊ फौजेत, तिकडे लढाई. रेडिओवर बातम्या लागल्या की घरात कुणी घास उचलत नसे. जाताना भाऊ एवढंच म्हणाला होता — वहिनीकडं बघ. आणि मी काय करत होतो? गालाला फडकं बांधून, दाढेत लवंग धरून रात्रभर कण्हत होतो. शेवटी वहिनींनीच मला नगरला पिटाळलं, दातांच्या डॉक्टरकडे.

दवाखाना माडीवर होता. मी अर्धा जिना चढलो. वरून घरघर आली, आणि तिच्या मागून कुणाचं तरी ‘आँ’. त्या आवाजाने खाली लावलेल्या सायकली आडव्या झाल्या, असं मी एरवी शपथेवर सांगितलं असतं — पण आज नको. सायकली उभ्या होत्या. पळालो मी.

आता तसंच घरी कसं जायचं? भाऊ सरहद्दीवर, आणि त्याचा भाऊ जिन्यावरून परत? खाटकाच्या दुकानापाशी पाय थांबले. त्याला म्हटलं, मुंडीतली एक दाढ दे. त्याने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं, आणि काढून दिली. दिवेलागणीला तोंडाला टॉवेल गुंडाळून गावात शिरलो. पारावर सगळे जमले. मग मी सुटलोच — डॉक्टर म्हणजे सहा फुटी गडी, मिशा बैलाच्या शिंगांसारख्या, त्याने छातीवर गुडघा रोवला, चौघांनी हातपाय धरले, दाढेचं मूळ थेट कानापर्यंत गेलेलं. पण मी हूं की चूं केलं नाही. रक्त दिसावं म्हणून कुंकू लावलेली ती बकऱ्याची दाढ घरी वहिनींनी तळहातावर घेतली. ‘आगं बया, एवढं मूळ?’ म्हणाल्या, आणि पटकन खाली ठेवली.

हसू येतंय ना? मलाही यायचं. महिनाभर. दाढ दुखायचीच, पण आता उशीत तोंड खुपसून कण्हायचो.

मग वहिनींची दाढ सुजली. आधी गाल, मग डोळ्यापर्यंत. अंगात ताप. तोंड उघडेना, दातांच्या फटीतून पेज ओतायची, तीही निम्मी पदरावर. मी नगरला चला म्हटलं, तर त्यांनी मान हलवली.

‘भावजी, तुमच्यासारख्याला चौघं लागली. मी तिथंच मरंल. पोरांकडं कोन बघंल?’

एका वाक्याचं काम होतं. मी गेलोच नव्हतो — बस. रोज संध्याकाळी ते वाक्य मी चुलीपर्यंत न्यायचो आणि परत आणायचो. का? पारावर हसतील म्हणून. दुसरं काही कारण असतं तर मी तुम्हाला रंगवून सांगितलं असतं. नव्हतं.

पुढे ताप उतरेना, तेव्हा त्या तयार झाल्या, पण एका अटीवर. आधी मी खुर्चीत बसायचं. त्या बाहेरच्या बाकावरून बघणार. माझे पाय थरथरले, तर त्या उठून घरी.

पाय! अर्ध्या पडद्याखालून माझे तेवढे पायच दिसणार होते.

डॉक्टर निघाली एक ठेंगणी ख्रिस्ती बाई. सुती पातळ, मनगट लहान पोरीसारखं. वहिनींनी माझ्याकडे पाहिलं. तो मिशावाला बदलून गेला, मी म्हणालो. एका खोट्याला दुसरं जोडायला मला श्वासही घ्यावा लागत नसे. आत गेलो. बाईंनी दाढेवर नुसती टिचकी मारली आणि हळूच विचारलं, इतके दिवस कसं सोसलंत? मी सगळा जीव पायाच्या अंगठ्यांत गोळा केला होता. सुई टोचली — मुंगी चावावी तशी. मग ओल्या मातीतून खुंटी उपटावी तसं काहीतरी करकरलं. सुरुवात कधी होणार, याची मी वाट बघत होतो, आणि बाई हात धुवायला गेल्या होत्या. ताटलीत माझी दाढ पडलेली. बोराच्या बीएवढी.

बाहेर आलो तर वहिनी आपणहून उठल्या आणि आत गेल्या.

इथवर ठीक होतं. खरी गोष्ट परतीच्या एसटीत घडली. तोंडात कापसाचा बोळा धरून वहिनींनी विचारलं — तुमची तर मागंच काढली हुती, मग आज काय काढलं? बघा, खरं सांगायचं दार आपोआप उघडलं होतं. मी नुसतं आत जायचं. आणि मी म्हणालो, ‘चांगलीच होती, वहिनी. तुमाला धीर यावा म्हनून काढून घेतली.’

घोडेगाव येईपर्यंत त्या पदरात तोंड घालून रडत होत्या.

होळीच्या सुमारास भाऊ सुखरूप आला. वहिनींच्या गालाला जबड्यापाशी खड्डा राहिला होता. उशीर झाला म्हणून हाड थोडं गेलं, असं बाईंनी सांगितलं होतं. भावाने त्या खड्ड्यावरून बोट फिरवलं, दाढेची गोष्ट ऐकली, आणि मला — धाकट्या भावाला — मिठी मारली. मी मारून घेतली. वहिनींनी ती गोष्ट प्रत्येक लग्नात सांगितली. सांगून सांगून गावातल्या भित्र्या बायकांना नगरला नेलं, बाहेरच्या बाकावर बसून त्यांचे पाय बघत राहिल्या. कितीजणींची दुखणी गेली! त्या धिटाईतलं माझं काहीच नाही. ती सगळी त्यांची.

तर ऐका. दाढ चांगली नव्हती. किडलेली होती, आणि माझ्यासाठीच निघाली. वहिनींच्या गालावरचा तो खड्डा मी पाडला.

भाऊ गेला, त्यालाही बरीच वर्षं झाली. वहिनी आहेत. ऐंशी ओलांडली, अजून भाकरी कुस्करून न घेता खातात. आता दुपारची झोप झालीय त्यांची, आतून चहासाठी हाक मारतायत. कपबशी घेऊन जातो. आज त्यांच्यासमोर बसून सांगतो.