ताईची खोली आणि दहावा दिवस

ताई गेली त्याच्या दुसऱ्या दिवसापासून माणसं भेटायला येऊ लागली. तिला एवढी माणसं होती हे मला ठाऊक नव्हतं.

पनवेलच्या जुन्या भागात, एका चाळवजा घराच्या पहिल्या मजल्यावर, एका खोलीत ती बावीस वर्षं भाड्याने राहिली. लग्न केलं नाही. साड्यांना फॉल-पिको करून द्यायची. गुडघे गेल्यावर शेवटची दोन वर्षं तर ती जिना उतरलीच नाही. गॅलरीतून दोरीला बांधलेली कापडी पिशवी खाली सोडायची. गिऱ्हाइकाने तीत साडी टाकायची आणि दोरीला एक झटका द्यायचा, की पिशवी वर. चार दिवसांनी साडी त्याच वाटेने परत. वर सहसा कुणी येत नसे. मी सांगलीला एका कॉलेजच्या ग्रंथालयात काम करतो. वर्षातून दोनदा तिच्याकडे जायचो. दोन खुर्च्यांवर बसून आम्ही आपापलं वाचत असू. तेच आमचं बोलणं, आणि मला ते पुरेसं वाटत असे.

म्हणून माणसं येऊ लागल्यावर मी एक वही केली. येणाऱ्या प्रत्येकाला ताईची एखादी आठवण विचारायची आणि लिहून ठेवायची. एका गृहस्थांनी सांगितलं, ताईंच्या हातच्या बोंबलांची चव अजून जिभेवर आहे. ताई मासे खात नव्हती. पण वर्षातून दोनदा येणाऱ्या भावाला काय माहीत असणार, असं म्हणून मी ते लिहिलं. दुसरे एक जण बोलता बोलता मान वर करून छताकडे बघत राहिले. डोळ्यांतलं पाणी आवरत असतील म्हणून मी नजर वळवली. मग त्यांनी विचारलं, पावसात गळतं का. एक जोडपं आलं. बाई ताईच्या आठवणीने हुंदके देत होत्या आणि त्यांचा नवरा दाराआडची भिंत वितीने मोजत होता. मी बघितलं तेव्हा हात मागे घेऊन म्हणाला, सवय आहे. जवळजवळ प्रत्येक जण हात धुवायला म्हणून मोरीत जायचा आणि नळ पूर्ण सोडून बघायचा.

सुतकाच्या घरातून निघताना 'येतो' म्हणत नाहीत. माणसं मुकाट्याने चपला घालतात आणि जातात. ही सगळी माणसं मात्र दारात वळून 'येतो हं' म्हणत होती. लोक रीत विसरले, असं मी समजलो.

चौथ्या दिवशी उलगडा झाला. पांढरा शर्ट घातलेला, दोन मोबाईलवाला एक इसम रोज कुणाला तरी घेऊन यायचा आणि 'हे ताईंच्या फार जवळचे' अशी ओळख करून द्यायचा. त्या दिवशीच्या जवळच्या माणसाने हार घातलेल्या फोटोकडे बघून विचारलं, "ह्या कोण?"

पांढरा शर्ट जराही ओशाळला नाही. तो एजंट होता. राग मानू नका सर, म्हणाला, विमानतळामुळे भाडी कुठल्या कुठे गेलीत, साध्या माणसाला परवडेल अशी खोली अख्ख्या गावात ही एकच. लोक सकाळी पेपर उघडतात ते निधनवार्ता बघायला. त्याने हे हवामान सांगावं तसं सांगितलं. मी वही बंद करून ताईच्या शिलाई मशीनच्या खाली ठेवून दिली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी एक बाई आल्या. चाळिशीच्या, हातांना पीठ लागलेलं. पळस्प्याजवळच्या एका कंटेनर यार्डच्या कँटीनमध्ये त्या चपात्या लाटायच्या. नवरा न्हावा शेवा बंदरात ट्रेलरवर ड्रायव्हर, महिन्यातून तीन-चार दिवस घरी. त्यांची इमारत धोकादायक ठरून पाडायला निघाली होती, महिनाअखेर खोली सोडायची होती, आणि मुलगी दहावीला. हे सगळं मला एजंटने नंतर सांगितलं. त्या स्वतः बसल्या आणि तळ्याबद्दल बोलू लागल्या. दर रविवारी संध्याकाळी त्या आणि ताई वडाळे तळ्याला चक्कर मारायच्या म्हणे. ताई कणीस घ्यायची, पण दातांमुळे अर्धंच खायची.

"किती वर्षं जात होतात?" मी विचारलं.

"झाली दोन-अडीच वर्षं."

जिना न उतरल्याची तीच दोन वर्षं. मी मशीनखालची वही काढली.

"हसायची का ती?"

"हसायच्या ना. आधी तोंडाला पदर लावायच्या, मग हसायच्या."

ताई साडी नेसत नसे. आयुष्यभर दुसऱ्यांच्या साड्या हाताळल्यावर तिला ती अंगावर नको असायची. मी पदर लिहून घेतला. बाई दुसऱ्या दिवशीही आल्या, तिसऱ्याही. वेफर्सची पाकिटं पाण्यात टाकणाऱ्या पोरांना ताई कशी झापायची, तळ्यातली बदकं मोजताना नेहमी एक कमी कसं भरायचं, हे सांगून गेल्या. कँटीन सुटायच्या वेळेला मी चहाचं आधण ठेवू लागलो.

खालच्या मजल्यावरचे घरमालक ऐंशीच्या पुढचे, एका कानाने बहिरे, डोळ्यांत मोतीबिंदू. त्यांच्या दारात रोज रांग लागायची. नवव्या दिवशी त्यांनी मला बोलावलं.

"मला कोनाचा वाईटपना घ्यायचा नाय," ते म्हणाले. "उद्या घाटावर ज्याच्या बोलन्यावर कावला शिवंल, त्याची खोली. ती बावीस वर्सं रायली, तीच ठरवंल."

मी शिकलेला माणूस. पण आठवडाभर जे बघितलं होतं त्यापेक्षा ही पद्धत वाईट आहे, असं मला काही म्हणता येईना.

दहाव्याला चार-पाच माणसं असतात. नदीकाठी तीस-एक जमली. गुरुजींनी मला बाजूला घेऊन हळूच विचारलं, मृत व्यक्ती कोणत्या पदावर होत्या. फॉल-पिको, मी म्हणालो.

पिंड ठेवला. कावळा समोरच्या कठड्यावर येऊन बसला आणि तिथेच राहिला. अशा वेळी घरचे लोक गेलेल्या माणसाची राहिलेली इच्छा ओळखून शब्द देतात. इथे एजंटने रांग लावली. एकाने शब्द दिला, ताई, तुमची पुस्तकांची फळी जागची हलवणार नाही. दुसऱ्याने भिंतीला खिळा न ठोकण्याचा दिला. वितीने मोजणारा म्हणाला, कपाट आणणारच नाही. बोंबीलवाल्यांनी मासे सोडले. एकाने कावळ्याला सहा महिन्यांचं ॲडव्हान्स देऊ केलं. कावळ्याने चोच कठड्यावर घासली.

बाई रांगेत शेवटी उभ्या होत्या, कँटीनचा खाडा करून. त्यांच्या पुढे अजून सात-आठ माणसं होती. तेवढ्यात एजंटचा फोन वाजला. तो पाठ फिरवून म्हणाला, "ती खोली गेली समजा. दुसरी दाखवतो, जरा लांब आहे." आणि कावळा उतरला, भाताची ढेप उचलून उडाला.

नियमाने खोली एजंटची झाली होती. त्याचा स्वतःचा फ्लॅट होता.

घरमालक लांब, झाडाखाली खुर्चीत होते. त्यांनी हाक मारून मला विचारलं, "कोन बोलत व्हता?"

सगळे माझ्याकडे बघू लागले. दिवाळीला नक्की येतो, असं मी ताईला दरवर्षी फोनवर सांगायचो. ते सोडलं तर खोटं बोलायची वेळ माझ्यावर फारशी आली नव्हती.

"ह्या बाई," मी रांगेच्या टोकाकडे हात केला.

रांग वळून बघू लागली. एजंटने माझ्याकडे पाहिलं. त्याची दलाली कुठेच जात नव्हती. फोन खिशात टाकत तो म्हणाला, "हो, मी पण ऐकलं."

"मग मी मासे कशाला सोडले?" बोंबीलवाले म्हणाले.

"बरंय की तब्येतीला," एजंट म्हणाला.

माणसं पांगली. बाई माझ्याजवळ आल्या. "सर, मी तोंडसुद्धा उघडलं नव्हतं."

"माहीत आहे. ताईसुद्धा तळ्यावर जात नव्हती."

त्या नदीकडे वळल्या. मग म्हणाल्या, "पिशवीत एकदा साडी टाकली होती मी. वर बघितलं तर नुसता हात दिसला. दोरी धरलेला. बांगडी नव्हती हातात."

ते खरं होतं. संध्याकाळी मी ते वहीत लिहिलं. पदर, कणीस, बदकं यांतलं काहीच खोडलं नाही.

तेरावा झाल्यावर बाई आणि त्यांची मुलगी टेंपोतून सामान घेऊन आल्या. मी मशीन आणि पुस्तकं आधीच सांगलीला पाठवली होती. गॅलरीतल्या दोरीची गाठ काही सुटली नाही, म्हणून पिशवी तशीच राहू दिली. किल्ली देऊन खाली उतरलो. रस्त्यावर आल्यावर लक्षात आलं, वही वरच राहिली.

मान वर केली तर पिशवी खाली येत होती, अडखळत. मुलीला अजून अंदाज नव्हता. वही काढून घेतली तरी पिशवी माझ्या तोंडासमोर लोंबकळतच राहिली. मग आठवलं. मी दोरीला एक झटका दिला.

पिशवी वर गेली. गॅलरीतून बाई म्हणाल्या, "या परत."

सुतक संपलं होतं. "येतो," मी म्हणालो.