घाटावर न घेतलेलं नाव

डोकं ठणकतंय म्हणून गोळी घेऊन भरदुपारी आतल्या खोलीत पडलेय. बाहेर मामा आईला बजावतोय, "साहेब जबाब घ्यायला येतीलच एवढ्यात. शालनला म्हणावं, तक्रार नाही एवढंच बोल आणि मोकळी हो." सगळं ऐकू येतंय, पण पापण्या काही उचलत नाहीत. तेवढ्यात दिगंबर येऊन पायाशी बसतो. माझा धाकटा भाऊ. गेल्या महिन्यात पोलीस कोठडीत जीव गेला त्याचा.

"सरक की अक्का. ऐसपैस पसरलीस."

"मेल्या, होतास कुठं इतके दिवस?"

"मेलोयच की," म्हणून हसतो. हसताना जबड्याची डावी बाजू हलत नाही. चक्कर येऊन पडला म्हणे! चक्कर आली म्हणून पाठीवर पट्ट्याचे वळ उठतात होय रे भाड्यांनो?

त्याच्या गालाला हात लावायला जाते, तर पायाखाली ओल्या पायऱ्या. नदीचा घाट, त्याच्या दहाव्याचा दिवस. पिंड मांडलाय. कावळे समोरच्या बाभळीवर बसलेत आणि एकही खाली येत नाही. गेलेल्याची इच्छा राहिली की कावळा शिवत नाही, म्हणून एकेकजण पुढं होऊन शब्द देतोय. काका म्हणतो, तुझा टेम्पो विकणार नाही. मामा म्हणतो, आईला अंतर देणार नाही. कावळे ढिम्म. काय म्हणायला हवं ते सगळ्यांना पक्कं ठाऊक आहे. पण मागं साध्या कपड्यातला एक पोलीस मोबाईल वर धरून उभा आहे, आणि कुणाची जीभ रेटत नाही. शेवटी मामा दर्भाचा कावळा करतो, पिंडाला टेकवतो, नि माणसं भराभरा चपला घालायला लागतात.

"गवताचा कावळा लावून मला वाटेला लावलंत," दिगंबर कानाशी म्हणतो. "लाजा नाही वाटल्या?"

"मी तक्रार केलीय रे! पोलिसांच्या तक्रारी ऐकायला सरकारनं वेगळी समिती नेमलीय. स्वतंत्र."

"बघू चल तुझी समिती."

पायऱ्या चढतो तर वर एक मोठा हॉल. लांबलचक टेबल, खुर्च्यांवरचं प्लास्टिकसुद्धा अजून काढलेलं नाही. अध्यक्षांच्या खुर्चीत कुणीच नाही. दाराशी शिपाई तंबाखू मळतोय.

"नेमणूक व्हायचीय," तो म्हणतो. "तोवर तुमची तक्रार चौकशीला पाठवलीय."

"कुणाकडं?"

"तुमच्याच ठाण्याला. दुसरीकडं कुठं पाठवणार?"

माझ्या अंगाचा तिळपापड होतो. ज्यानं मारलं तोच चौकशी करणार, तोच माझ्या दारात येऊन माझा जबाब घेणार, आणि वर तोच कळवणार, तथ्य आढळलं नाही! मग ही टेबलं कुणाच्या जेवणावळीला मांडलीत? मी खुर्चीला लाथ घालते. खुर्ची पडते ती कोठडीच्या फरशीवर. चहूकडं गज आहेत, मुताचा वास आहे, आणि दिगंबर कोपऱ्यात गुडघे पोटाशी घेऊन बसलाय.

"कुणी मारलं तुला?"

"तुला माहीत नाही?"

"अख्ख्या गावाला माहीत आहे."

"मग एकदा तरी मोठ्यानं म्हण ना, अक्का! माझ्या दहाव्यालासुद्धा कुणी म्हटलं नाही." तो रडायला लागतो, लहानपणी रडायचा तसा, नाक ओढत.

"साळगरनं मारलं!" मी गज धरून ओरडते. "फौजदार साळगरनं मारलं माझ्या भावाला!"

ओरडतच उठून बसते. घसा सोलून निघालाय, गिळवत नाही. खिडकीशी शेजारच्या बायका गोळा झाल्यात. तशीच बाहेर येते, तर खुर्चीवर फौजदार साळगर बसलेत. चहाची बशी तोंडाशी नेता नेता थांबलेली.

"झोपेत बरळली हो साहेब," मामा घाईघाईनं म्हणतो. "दुखणाईत आहे पोरगी."

साळगर खिडकीकडं बघतात, मग माझ्याकडं. "असू दे, असू दे. तर ताई, तुमची तक्रार नाही, असंच लिहू ना?"

महिनाभर तोंडातून शब्द न काढलेली माझी आई उठते. त्यांच्या हातातली बशी काढून घेते आणि बाहेरच्यांना दिसावं म्हणून दार सताड उघडते.

"परत म्हण गं," ती मला म्हणते. "आता जागेपणी म्हण."

आवाज पार फाटलाय माझा. तरी म्हणते.