डावीकडची सीट

भोसरीत आमच्या खोलीसमोरच्या पत्र्याच्या शेडमध्ये एक माणूस स्वतःच्या हाताने गाडी बांधत होता. दोनच सीटची, वर टप नसलेली. कंपनीतून सुटला की चहाच्याही आधी तो गाडीच्या पत्र्यावरून तळहात फिरवायचा आणि खरखर लागेल तिथे पुन्हा कानस मारायचा.

गल्लीतले पुरुष चिडवायचे, "राव, पावसात काय छत्री धरणार?"

"छत्री धरायला शेजारी माणूस आणतोय ना," तो म्हणायचा.

ते माणूस म्हणजे त्याची बायको. ती कित्येक वर्षं बीडकडे त्याच्या आजारी आईपाशी राहिली होती. आता आई गेली होती, आणि बायकोला याच गाडीतून आणायचं त्याने ठरवलं होतं.

एकदा मी नळावरून येताना तो खाली बघत म्हणाला, "वहिनी, जरा बसून बघता का? ती तुमच्याएवढीच आहे. ट्रायल घ्यायचीय."

मी परक्या माणसाशी बोलत नाही, पण डावीकडच्या सीटवर बसले. माझे पाय खाली टेकेनात. त्याने ती सीटही स्वतःच्याच मापाने बांधली होती.

"तिची उंची धरायलाच विसरलो बघा," तो हळूच म्हणाला.

पुढच्या सुट्टीला त्याने वेल्डिंग तोडून सीट खाली घेतली आणि मला परत बोलावलं.

"आता?"

"टेकतात," मी म्हणाले, आणि लगेच उठले नाही.

माझा नवरा रोज माझ्यासमोर जेवायला बसतो. माझी उंची त्याला ठाऊक आहे का, हे त्या संध्याकाळी अगदी ओठांवर आलं होतं. मी भाकरी वाढली.