पप्पांचं गवत आणि माझा चढलेला आवाज

माझा मूर्खपणा सांगायचा तर आधी माझा राग सांगावा लागेल. तुम्ही चहा घ्या, मी सुरू करते.

मी गप्प बसणारी. लग्न होऊन डहाणूजवळ सरावलीला आले तेव्हा सासूबाई शेजारणीला सांगत होत्या, "सून शांत आहे हो आमची." शांत कसली? वेवजीला माहेरी आम्ही पाच भावंडं. बोलायची पाळीच यायची नाही, म्हणून राग आतल्या आत भरून ठेवायची सवय लागली, एवढंच. आईंना, म्हणजे सासूबाईंना, माझं एकच खटकायचं. मी डावखुरी आहे. "पूजेचं ताट तरी उजव्या हातात धरते ना?" हे लग्न ठरतानाच विचारून झालं होतं.

पप्पा, म्हणजे सासरे, रेल्वेत गार्ड होते. निवृत्त झाले आणि मोबाईलवर गोल्फ बघायला लागले. डहाणूत बसून गोल्फ. त्यात मोठ्या दिरांनी परदेशातून काठी आणून दिली, मग काय विचारता. परसात दोन चिकूंच्या मधे, जिथे आई पापड वाळवायच्या आणि मी मनातल्या मनात मेथी पेरून ठेवली होती, तिथे खोट्या गवताचं पटिंग ग्रीन करायचं ठरलं. पटिंग ग्रीन म्हणजे हिरवी सतरंजी, तिला एक भोक, आणि त्या भोकात चेंडू हळूच ढकलायचा. मला कोणी विचारलं नाही. नव्या सुनेला गवताबद्दल कोण विचारतं?

काम वापीकडच्या जिग्नेशभाईंचं. पहिल्या दिवशी त्यांच्या माणसांनी माती उकरली, खडीचा चुरा पसरला, मशीनने ठोकून ठोकून सपाट केला, मधे भोकाचा डबा बसवला आणि "उद्या दुपारी गवत अंथरतो" म्हणून गेले. नेमकं त्याच संध्याकाळी आई-पप्पांना पालघरला लग्नाला जायचं होतं. निघताना आई म्हणाल्या, "मागची जागा नीट ठेव गं. ह्यांचा जीव आहे त्यात."

ठेवली. घरात माझ्यावर टाकलेली ती पहिली जबाबदारी होती.

दुसऱ्या दिवशी दोन माणसं गवताची गुंडाळी घेऊन आली. तलासरीकडचीच होती, माझ्या माहेरच्या बाजूची. मागे गेली, क्षणभर थांबली, चपला बाजूला काढल्या आणि अनवाणी कामाला लागली. किती बरं वाटलं मला. म्हटलं, रीतभात आहे.

पप्पा आले, नारळ फुटला, पहिला चेंडू भोकात गेला. चिकूचा पाला आणि पाखरांची घाण पडते म्हणून पप्पा रोज सकाळी पाइपने गवत धुवायचे. चौथ्या दिवशी पाणी जाईना. आठवड्याने चेंडू मारला की चबक आवाज यायला लागला. वर वास. आणि गंमत बघा, वास मला ओळखीचा वाटत होता.

पप्पा तरीही रोज काठी घेऊन मागे जायचे. तेच मला बघवेना. जन्मभर गाड्यांना हिरवा झेंडा दाखवलेला माणूस स्वतःच्या हिरव्या तुकड्यावर पायजमा वर धरून उभा.

"वाळेल गं," नवरा म्हणाला.

"तुम्ही गप्प बसा," मी म्हणाले. लग्नानंतर पहिल्यांदा. त्याच्याच हातातून फोन ओढून घेतला.

"जिग्नेशभाई, तुमच्या गवतात पाणी तुंबतंय."

"बेन, गवताला खाली भोकं हाय. पाणी सीधा जमिनीत जाते. खालच्या बेसला कोणी काय केला तर नाय ने?"

"कोण काय करणार? तुमची माणसं गेली तसंच आहे."

"ना, पण बेन..."

"पण-बिण नाही. वास येतोय. गोठ्यासारखा. काय भरलंत खाली? एका म्हाताऱ्या माणसाची हौस होती ती. लाज वाटायला हवी."

फोन ठेवला. तेवढ्यावर थांबले असते तर? नाही. नेटवर त्यांना एक तारा दिला आणि खाली अकरा ओळी लिहिल्या. त्यात 'फसवणूक' दोनदा.

आईंनी मला चहा करून आणला. त्या घरात मला कोणी करून दिलेला पहिला चहा. "बरं झालं बोललीस," त्या म्हणाल्या. "आमच्यात कोणाला तोंडच नाही." त्या चहाने मी अशी फुगले की विचारू नका. म्हणून तर पुढचं जास्त लागलं.

रविवारी जिग्नेशभाई स्वतः आले. कडेचे खिळे उपटले. मी कमरेवर हात ठेवून उभी. "आता बघाच, पप्पा," मी म्हणाले.

गवत गुंडाळत गेलं आणि खाली राखाडी खडी दिसेना. हिरवट तपकिरी, गुळगुळीत, ओला थर. त्यावर बोटांचे अर्धगोल, एकाशेजारी एक. कडेने रांगोळीची पांढरी रेघ. भोकाभोवती आठ पाकळ्या. प्रत्येकीत हळदकुंकू.

"तुमच्या माणसांनी..." मी सुरुवात केली.

"आपला माणूस रांगोळी नाय काढत, बेन."

आई वाकल्या. सारवणावरून बोट फिरवलं. "हात चांगला आहे," त्या म्हणाल्या. "पण डावा आहे."

सगळ्यांनी माझ्या डाव्या हाताकडे पाहिलं. मी तो पाठीमागे नेला.

खोटं बोलले नव्हते हो मी. वेवजीला खळं चोपलं की सारवायचं, त्याशिवाय त्यावर भात येत नाही. चोपलेली उघडी जमीन दिसली की आमचा हात शेणाकडे जातोच. आई-पप्पा पालघरला असताना सकाळी उठले, शेजाऱ्यांच्या गाईचं शेण आणलं, जागा 'नीट ठेवली' आणि विसरले. ते काहीतरी 'केलं' यात धरायचं असतं, हे डोक्यातच आलं नाही. दात घासले हे कोणी सांगतं का? आणि ती दोन माणसं चपला का काढून आली, तेही तेव्हा कळलं. सारवलेल्या जमिनीवर चप्पल घालून कोण जाईल?

जिग्नेशभाई बिचारे एवढंच म्हणाले, "काम सरस केला, बेन. पण गवताच्या वर करायचा होता."

तो थर मी खरवडला, एकटीने, दोन दिवस. अकरा ओळी पुसल्या आणि पाच तारे दिले. आता पाणी झिरपतं, चेंडू सरळ जातो. सून शांत आहे, असं आई हल्ली कोणाला सांगत नाहीत. आणि मी भाजीवाल्यावर, गॅसवाल्यावर, कोणावरही आवाज चढवला की मागून पप्पा काठी टेकत येतात आणि अगदी गंभीरपणे विचारतात, "सूनबाई, आधी गवत उचलून बघू या का?"