वाघाकडे कुत्रा मागणारा मामा

शहापूर आणि मुरबाड या दोन तालुक्यांत मिळून माझ्या मामाला न ओळखणारा एखादा माणूस सापडेल, पण त्याला न ओळखणारं कुत्रं सापडायचं नाही. किन्हवलीला तो एसटीतून उतरला की स्टँडवरची झाडून सगळी कुत्री उठून उभी राहतात आणि मामा सभेला आलेल्या पुढाऱ्यासारखा दोन्ही बाजूंना बघत, खिशातली बिस्किटं वाटत चालू लागतो. माणसांशी तो अरे-तुरेत बोलतो. कुत्र्यांना मात्र अहो-जाहो. सापगावच्या एका काळ्या कुत्र्याला तो ‘पाटील’ म्हणतो. गावातले खरे पाटील यावर रागावले, तेव्हा मामानं त्यांना समजावलं, की हे नाव तुमच्यावरून नाही, मिशांवरून ठेवलंय. त्यावर ते जास्तच रागावले, कारण मिशा दोघांच्या सारख्याच होत्या. आणि एवढं सगळं असूनही मामानं उभ्या जन्मात स्वतःचं कुत्रं पाळलेलं नाही.

मामाचा धंदा पाट्या रंगवायचा. फ्लेक्सवाले येण्यापूर्वी आमच्या भागातली निम्मी दुकानं त्याच्याच अक्षरात बोलायची. अक्षर मोत्यासारखं, पण खोड एकच: पाटीच्या कोपऱ्यात तो कुठेतरी एक कुत्रं काढून ठेवायचा. मटणाच्या दुकानावर ते शोभलं. दातांच्या दवाखान्यावर त्यानं बत्तीशी दाखवणारं कुत्रं काढलं, तेही डॉक्टरांनी हसून चालवून घेतलं. लग्नघराच्या भिंतीवर वधूवरांच्या पायाशी कुत्रं बसलेलं पाहून मात्र वरपक्ष चहा न घेता उठायच्या बेतात होता. एका उमेदवाराच्या प्रचाराच्या भिंतीवर त्यानं घोषणेखाली शेपटी हलवणारं कुत्रं काढलं. उमेदवारानं त्यावर चुना फासून घेतला. पावसाळ्यात चुना गेला, घोषणा गेली, पुढे उमेदवारही पडला. कुत्रं अजून आहे.

या वेडाचं मूळ मामाच्या लहानपणात आहे. घर किन्हवलीच्या पलीकडे, रानाला लागून. घरात जनावरं भरपूर, पण प्रत्येकाला काम नेमून दिलेलं. बैलांनी नांगर ओढायचा, गाईनं दूध द्यायचं, मांजरानं भाताच्या कणगीशी उंदीर धरायचे, कोंबड्यांनी पाहुणा आला की जीव द्यायचा. नुसतं लाडाला म्हणून जनावर ठेवायचं, ही कल्पनाच आमच्या आजोबांना कळत नव्हती. मामा कुत्र्यासाठी हटून बसला की ते एकच वाक्य बोलायचे, “कुतरा म्हंजे बिबट्याला आवतन.” मामा म्हणायचा, मग रात्री घरात घेऊ. आजोबा म्हणायचे, घरात जागा नाही. आता त्या घरात रात्री बैल आत असायचे, गाय आत, शेळ्या आत. एवढ्या सगळ्यांना जागा आहे आणि वीतभर पिल्लाला नाही, हा हिशेब मामाला तेव्हा पटला नाही आणि आज साठी उलटली तरी पटलेला नाही.

हट्टानं काही जमेना, म्हणून त्यानं हाताशी येईल ते पाळायला सुरुवात केली. पावसात खाचराच्या बांधावर धरलेली एक चिंबोरी, म्हणजे खेकडा, त्यानं दोरा बांधून पाळली आणि तिचं नाव ‘राजा’ ठेवलं. राजाला फिरायला न्यायचं म्हणजे मामा पुढे आणि राजा आडवा. आठवडाभर हा संसार सुखाचा झाला. मग एका दुपारी कालवण फारच चवदार झालं, मामानं दुसऱ्यांदा मागून घेतलं, आणि हात धुताना त्याला चुलीपाशी दोरा दिसला. अजूनही ही गोष्ट सांगताना तो आधी डोळे पुसतो आणि मग कालवणाची चव सांगतो.

पण खरी कमाल त्यानं वाघबारशीला केली. दिवाळीच्या तोंडावर आमच्याकडे गुराखी पोरं घरोघरचे तांदूळ आणि दूध गोळा करून रानात खीर शिजवतात, वाघदेवाच्या दगडाला नैवेद्य दाखवतात, आणि आमच्या गुरांकडे वाकडा डोळा करू नको म्हणून त्याला विनवतात. मामानं ऐकलं होतं, की त्या दिवशी मनापासून मागितलेलं देव देतो. सगळ्यांची विनवणी झाल्यावर हा पुढे झाला, हात जोडले आणि खणखणीत आवाजात वाघदेवाला म्हणाला, “मला कुतरा दे.” पोरं खीर टाकून लोळायला लागली. ज्याच्या भीतीनं गावात कुत्रं ठेवत नाहीत, त्याच्याकडेच यानं कुत्रं मागितलं होतं. तेव्हापासून गावात त्याची ओळख ‘वाघाकडे कुत्रा मागणारा’ अशीच झाली, आणि त्याच्या लग्नात उखाण्याच्या वेळीही कुणीतरी ती काढलीच.

हे सगळं त्यानं कागदावर काढावं, असं मीच त्याच्या डोक्यात भरवलं. पाट्यांचं काम बंद पडल्यापासून तो ओट्यावर बसून येणाऱ्याजाणाऱ्याचं डोकं खायचा; चित्रं काढत बसेल, तेवढाच मामीला आराम. मामानं जी चित्रं काढली ती पाहून मी लगेच खिशातला फोन काढला. दोऱ्याला बांधलेला राजा, बैलांच्या पाठींमधून डोकावणारं पोर, आणि खिरीच्या पातेल्याकडे बघत विचारात पडलेला वाघदेव. मी फोटो पाठवले आणि मुलांची पुस्तकं काढणाऱ्या एका बाईंना ती फार आवडली. त्यांची एकच अट होती: शेवटच्या पानावर त्या पोराला कुत्रा मिळाला पाहिजे. छोटे वाचक एवढी पानं वाट बघतात, त्यांना रिकाम्या हातानं कसं पाठवायचं?

मामा इथे अडला. “जे झाला नाय, ते कसा दाखवू?” तो मला म्हणाला. कुठल्याही पाटीवर न विचारता कुत्रं काढणारा हा माणूस स्वतःच्या पुस्तकात ते काढेना. बाईंचे फोन येत राहिले, मामा फोन मामीकडे द्यायला लागला, आणि मामी त्यांना पावसापाण्याच्या गोष्टी सांगायची. पुस्तक आता राहतंय, असं मी धरून चाललो.

तुम्ही म्हणाल, आता तो घरचा मालक आहे, खराखुरा कुत्राच का पाळत नाही? तर त्याला मामीचा विरोध. कुत्र्याचे केस पडतात, कुत्रं भाकरीला तोंड लावतं, आणि हा एक सांभाळतेय तेवढा पुरे, अशी तिची कारणं. खरं कारण तिनं मला एकदा तांदूळ निवडताना सांगितलं होतं. तिचं माहेर मुरबाडकडचं, डोंगरातलं. ती लहान असताना तिच्या बापानं कुत्रा पाळला होता. तो ओट्यावर बांधलेला असायचा. एका सकाळी ती भाकरी घेऊन बाहेर गेली तर नुसती साखळी होती. एवढं सांगून ती पुन्हा खडे वेचायला लागली.

शेवटी मामानं चित्र काढलं. मला मुद्दाम बोलावून घेतलं. ओट्यावर पोर बसलंय, शेजारी लाल पिल्लू, आणि मागे मावळतीचं असं आभाळ, की मामानं आयुष्यभराचा सगळा केशरी रंग त्यात ओतला असावा. पिल्लाचे डोळे रंगवताना तर त्यानं समोरचा चहाही थंड होऊ दिला होता. मी वाहवा केली. मामा खूश होऊन म्हणाला, “पुस्तकात काय बिबट्या येत नाय.”

मामी पदराला हात पुसत आली. चित्रावर वाकली. मला वाटलं, आता केसांचं काढते.

“अवो, याला आत घ्या,” ती म्हणाली. “दिवस बुडालाय.”

मामानं एकदा तिच्याकडे आणि एकदा त्या केशरी आभाळाकडे पाहिलं. मग त्यानं नवा कागद घेतला. या चित्रात आभाळ नव्हतं. चूल होती, बैल होते, शेळ्या होत्या, आजोबा पाठ करून झोपले होते, आणि चित्र काढणाऱ्या मामाच्या शेजारी बसून मामी सांगत होती, चुलीच्या एवढ्या जवळ नको, शेपटी भाजेल. आणि दाराला कडी दाखवा. पुस्तक छापून आलं तेव्हा बाईंनी मला विचारलं, की बाकी चित्र फार गोड आहे, पण ती कडी एवढी मोठी का? मी काहीतरी सांगून वेळ मारून नेली.

ते पान मी अजून मधूनमधून उघडून बघतो. पिल्लू गोणपाटावर झोपलंय आणि पोराचा हात त्याच्या पाठीवर आहे. त्या घरात एका कुत्र्याला पुरेल एवढी जागा तेव्हाही होती. त्याला आत घ्या म्हणणारी तेवढी यायची होती, आणि ती तेव्हा डोंगरापलीकडे, हातात भाकरी घेऊन तिच्या ओट्यावर उभी होती.