कढीपत्त्यावरचा काळा भुंगेरा

‘किडा’ हा एवढासा शब्द ऐकून चिडणारा माणूस अख्ख्या आखातात एकच असावा, आणि तो नेमका शारजात, अल नहदातल्या आमच्या शेजारच्या फ्लॅटमध्ये राहतो. ‘कोणता किडा?’ असं ते अशा काही सुरात विचारतात की आपण त्यांच्या नातेवाइकाबद्दल वावगं बोललो की काय असं वाटतं. लेकीने ‘बाबा, जस्ट अ बग!’ म्हटलं की तिलाही ‘व्हिच वन?’ ऐकावं लागतं. नोकरीत ते औद्योगिक क्षेत्रातल्या एका गोदामात गाड्यांच्या सुट्या भागांचं स्टोअर सांभाळतात. एका मालाला दोन कोड पडलेले त्यांना खपत नाहीत. एकदा एकच वॉशर तीन नावांनी नोंदलेला सापडला, त्या दिवशी ते घरी येऊन नीट जेवलेसुद्धा नाहीत असं वहिनी सांगतात.

गोदामातून सुटले की उरलेला जीव भुंगेऱ्यांत. मी कामाला त्यांच्याच गाडीतून जातो, त्यामुळे रस्त्याकडेच्या झुडपावर काहीतरी चमकलं की ‘यल्ला, एकच मिनिट!’ म्हणून गाडी कडेला लागते आणि ते मिनिट मी ऑगस्टच्या उन्हात अर्धा तास भोगतो. त्यांच्या फ्रीजरमध्ये खवलेल्या नारळाशेजारी भुंगेरे भरलेल्या काड्यापेट्या असतात. आइस्क्रीम काढायला मी एकदाच हात घातला. गणपतीत आमच्या मजल्यावरच्या वसईच्या कुटुंबातली पाच भावंडं ओळीने उभी राहिली, तर हे माझ्या कानात म्हणाले, “एक गोरा, एक सावळा, दोघे उंच, एक बुटका. टाचणीला टोचून पेटीत ठेवले तर लोक पाच जाती करतील!”

अशा माणसाच्या घरात, बाल्कनीतल्या कढीपत्त्यावर, वहिनींना एक भुंगेरा दिसला. इथला नेहमीचा पिवळसर असतो, पाठीवर नागमोडी काळ्या रेघा. हा काळाकुट्ट, दोन लाल ठिपक्यांचा. ह्यांनी आपली सगळी पुस्तकं पालथी घातली, असा कुठेच नव्हता. नवी जात! आणि नव्या जातीचं नाव ठेवायचा मान पहिलं वर्णन लिहिणाऱ्याचा. “सुनंदाचं नाव देणार,” त्यांनी जाहीर केलं. “किड्याला माझं नाव?” म्हणून वहिनी हसल्या खऱ्या, पण लगेच सांगलीला बहिणीला फोन लागला. लेख लिहून तयार झाला. फक्त खात्री म्हणून ह्यांनी त्या काळ्या मादीची अंडी प्लॅस्टिकच्या डब्यात वाढवायला घेतली. पिल्लांना खायला मावा ही पानांवरची कीड हवी, म्हणून बाल्कनीत चवळी लावून तिच्यावर मावा पाळला.

एका सकाळी त्यांनी मला हाक मारली. डब्यात नवे भुंगेरे फिरत होते. निम्मे काळे आणि निम्मे पिवळे, नागमोडी रेघांचे.

“एकाच आईचे,” ते म्हणाले आणि खुर्चीत बसले.

मला वहिनींचा चेहरा दिसायला लागला. मी दबक्या आवाजात म्हटलं, “हे पिवळे सोडून द्या ना बाल्कनीतून. लेख पाठवा. कोणाला कळतंय?”

“डुप्लिकेट कोड होईल हो,” ते म्हणाले. “ह्याला नाव आधीचंच आहे.”

मग ते स्वयंपाकघराच्या दारात गेले. “सुनंदा, खलास. तुझं नाव नाही देता येणार. तो आपला नेहमीचाच निघाला.” वहिनींनी हात पुसले, डब्यात बराच वेळ पाहिलं. “रंग वेगळा म्हणून घराबाहेर काढायला निघाला होतात होय त्याला?” त्या म्हणाल्या. “बहिणीला मात्र तुम्हीच सांगा.” आवाज हसरा होता, पण त्या पटकन पुन्हा ओट्याकडे वळल्या.

पुढच्या आठवड्यात मी त्यांची पेटी पाहिली. प्रत्येक भुंगेऱ्याखाली चिठ्ठी असते: कुठे सापडला, कुणाला सापडला. इतकी वर्षं तिथे ह्यांचंच नाव. पिवळ्यांच्या रांगेत आता तो काळा बसला होता आणि खाली बारीक अक्षरात लिहिलं होतं: ‘अल नहदा, घरचा कढीपत्ता. शोधला: सुनंदा.’

“हे नाव कुणाला खोडता यायचं नाही,” ते म्हणाले.

वहिनी ती पेटी आता येईल त्याला दाखवतात. मलाही चारदा दाखवून झाली, आणि दर वेळी मी मान खाली घालून बघतो. माझा तो सल्ला त्यांनी वहिनींना अजून सांगितलेला नाही.