दादाला दिलेलं उत्तर

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्यालाही नाही. तुम्हाला का सांगते आहे — ते माझं मलाही नीट कळलेलं नाही.

माझा मोठा भाऊ फौजेत होता. जंगलातल्या चौक्यांवर त्याची उमेदीची वर्षं गेली. डासांसाठी तंबूत फवारा, अंगाला मलम, औषधात भिजवलेले कपडे, वर हिवतापाची रोजची गोळी. निवृत्त होऊन वाणगावला आला तेव्हा त्याचे हात थरथरत होते, बोलता बोलता शब्द हरवत होते. रिपोर्ट सगळे चांगले. गाव म्हणालं, पीत असेल. दादानं दारूला कधी हातही लावला नव्हता.

मी तारापूरच्या एका कारखान्यात केमिस्ट होते. एकदा वाडीत चिकू निवडताना त्यानं विचारलं, "तू शिकलेली हायस. गोळी, मलम, फवारा — एकेकटं काय करत नाय. पण समदं मिळून काय करत असंल का?"

आपलं शरीर थोडंथोडं विष गुपचूप मोडून टाकत असतं, आयुष्यभर, आपल्याला पत्ताही न लागू देता. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून स्वतःच्या हाताकडे बघत बसले होते. आणि एखादं रसायन त्या मोडणाऱ्यालाच अडवतं — मग दुसरं, एरवी निरुपद्रवी, आत साचत जातं. दादाचं तसं झालं होतं का? ठाऊक नव्हतं. आजही नाही. पण झालेलं असू शकतं, एवढं मला ठाऊक होतं.

मी म्हणाले, "नाय रे दादा, तसं काय नसतं."

का? आमच्या कारखान्यात शेजारशेजारच्या दोन शेडमधून दोन निराळ्या वाफा यायच्या. दोन्ही मर्यादेत आहेत, असं मीच सही करून द्यायचे. एकत्र छातीत गेल्यावर काय होतं — ते मी कधी विचारलं नाही. दादाला हो म्हटलं असतं, तर तिथल्या कामगारांना काय सांगितलं असतं? मला नोकरी हवी होती.

गेल्या वर्षी त्याला पालघरला माजी सैनिकांच्या तपासणी शिबिरात नेलं. तरुण डॉक्टरबाईंनी शांतपणे ऐकून घेतलं आणि नेमकं तेच विचारलं — नोकरीत कसले फवारे, कसल्या गोळ्या? इतक्या वर्षांत असं कुणीच विचारलं नव्हतं. दादा हसला.

"त्याचं काय नाय, बाई. माझी बहीण केमिस्ट हाय. तिला मी कवाच इचारलंय."

केवढा तो विश्वास. बाईंनी माझ्याकडे पाहिलं.

मी मान डोलावली. त्यांनी पुढच्या माणसाला आत बोलावलं.